यादी तीच, फेरी आपली

बारा महिन्यांच्या पावसाचे बारा आकडे एका यादीत भरा आणि पायथॉनला सांगा, वाच. तो जानेवारीपासून सुरुवात करणार. आता नगर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पावसाचा हिशेब जानेवारीपासून कोण मांडतं? वर्ष उघडतं मृगाला आणि मिटतं मे महिन्याच्या उन्हात. आकडे बरोबर, यादी बरोबर, फिरण्याचा क्रम तेवढा चुकलेला.

यावर प्रोग्रॅमिंगमध्ये एक झकास तोड आहे. भाषेसोबत आयती मिळालेली यादी घ्यायची (पायथॉनमध्ये तिचं नाव 'लिस्ट'), तिची वारसदार म्हणून आपली एक यादी तयार करायची आणि तिला आपल्या पद्धतीने फेरी मारायला शिकवायचं. मोजणं, जोडणं, काढणं, उलटवणं हे सगळं वारशात फुकट मिळतं. आपण फक्त चालीची भर घालायची. या उद्योगात गमती बऱ्याच आहेत आणि खड्डेही. ते दाखवायला गाव निवडलंय हिवरे बाजार, कारण याद्या करण्यात आणि त्या योग्य क्रमाने फिरवण्यात या गावाचा हात धरणारं दुसरं गाव चटकन आठवत नाही.

पाचाचे सात झाले

अहिल्यानगर (कालपरवापर्यंतचं अहमदनगर) जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेत येतं. वर्षाकाठी पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. वाणिज्य शाखेचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, क्रिकेट खेळणारा तरुण. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. राळेगणसिद्धीपासून चालत आलेली पंचसूत्री गावाने स्वीकारली: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. पुढे तिला लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) आणि सिंचनासाठी बोअरवेलबंदी जोडली गेली आणि पंचसूत्रीची सप्तसूत्री झाली. शिवाय गावाने स्वतःचे नियम चढवले ते वेगळेच. ढसाढसा पाणी पिणाऱ्या उसाला आणि केळीला मज्जाव, गावाबाहेरच्याला जमीन विकायची नाही, लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी.

मूळ पाचांतलं एकही सूत्र कुणी खोडलं नाही, हे लक्षात घ्या. प्रोग्रॅमर लोक याला इनहेरिटन्स म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अर्थात यासाठी नव्हे.

जून म्हणजे पाच

संगणक शून्यापासून मोजतो, त्यामुळे बारा महिन्यांच्या यादीत जानेवारी शून्यावर बसतो, डिसेंबर अकरावर आणि जून पाचावर. आपल्या वारसदार यादीच्या साच्याचं, म्हणजे क्लासचं, नाव ठेवू 'पाऊसयादी' आणि तिला शिकवलेल्या नव्या चालीचं, म्हणजे मेथडचं, नाव 'जूनपासून'. ही नावं अशीच, देवनागरीत, पायथॉन ३ मध्ये चालतात. थट्टा नाही, २००७ च्या एका प्रस्तावाने ती मुभा दिली.

मेथडच्या पोटात गणित दुसरीतलं: पाचात शून्य, एक, दोन असं अकरापर्यंत मिळवत जा आणि दर वेळी बाराने भागून बाकी घ्या. पाच, सहा, सात... अकरा झाला की पुढचा बारा. बाराला बाराने भागलं, बाकी शून्य, म्हणजे आपोआप जानेवारी. शेवटची बाकी चार, म्हणजे मे. वर्ष मिटलं. क्लास धरून सगळा कोड जेमतेम चार ओळींचा.

त्या चार ओळींतला खरा खेळाडू आहे 'यील्ड' हा शब्द. साधी मेथड सगळं उत्तर एकदम तयार करून हाती देते आणि मोकळी होते. यील्डवाली मेथड एक महिना देते आणि जागच्या जागी थांबते. पुढचा मागितला की जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू. बारा महिन्यांना याचं फारसं कौतुक नाही. पण शंभर वर्षांच्या रोजच्या नोंदी असतील आणि आपल्याला फक्त पहिला कोरडा आठवडा हवा असेल, तर तो सापडताच फेरी तिथेच थांबवता येते. उरलेल्या वर्षांना हातही लागत नाही.

डिसेंबर २००१ पर्यंत सोय नव्हती

पायथॉन जगापुढे आला फेब्रुवारी १९९१ मध्ये, पण आयत्या लिस्टचा वारसा लावायची सोय आली थेट २.२ या आवृत्तीत, डिसेंबर २००१ मध्ये. तोवर लिस्ट ही सी भाषेत लिहिलेली बंद वस्तू होती. लोक 'यूजरलिस्ट' नावाचा एक वेगळा क्लास वापरत, जो खरी लिस्ट पोटात ठेवून वरून तिची नक्कल करी. गंमत म्हणजे फेरी मारण्याचे अधिकृत नियम (इटरेटर) आणि यील्ड हा शब्ददेखील याच २.२ मध्ये आले. यील्ड तर त्या आवृत्तीत 'फ्युचर' नावाच्या मॉड्यूलमधून मुद्दाम मागवावा लागे.

यूजरलिस्ट अजून जिवंत आहे आणि तिला म्हातारी समजून टाळू नये. का, ते जरा पुढे.

माथा ते पायथा

पाणलोटाच्या कामात एक नियम गावोगावच्या कार्यकर्त्याला पाठ असतो: माथा ते पायथा. आधी डोंगरावरचे समतल चर, मग उतारावरचे नालाबांध, शेवटी खालचा पाझर तलाव. उलटं केलं तर वरची माती पहिल्याच पावसात वाहून येते आणि खालचं नवंकोरं काम गाळाने भरून जातं. हिवरे बाजारनेही रोजगार हमी योजनेतून डोंगरावर चर खणले ते याच शिस्तीने.

आता कामांची नोंदवही बघा. तिच्यात कामं मंजुरीच्या तारखेने उतरलेली असतात. पाझर तलाव वर, चर खाली. नोंदवहीचा क्रम बिघडवायचा नाही, हिशेबतपासनीस रागावतो. मग 'कामयादी' नावाची वारसदार करा, तिला 'माथ्यापासून' नावाची मेथड द्या आणि ती मेथड प्रत्येक कामाची समुद्रसपाटीपासूनची उंची बघून चढत्याऐवजी उतरत्या क्रमाने एकेक काम पुढे करील. मूळ यादी जागची हलत नाही.

इथे पायथॉनचं क्रम लावायचं तंत्र कामी येतं. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेलं हे तंत्र 'टिमसॉर्ट' म्हणून ओळखलं जातं, आणि त्याचा एक गुण आपल्याला नेमका हवा तो: दोन कामं एकाच उंचीवर असतील, तर त्यांचा आपसातला जुना क्रम तो मोडत नाही. म्हणजे आधी मंजूर झालेलं काम आधीच राहतं. जावा या भाषेनेही पुढे हेच तंत्र उचललं. २०१५ मध्ये संशोधकांनी गणिती पद्धतीने तपासताना त्यात एक चूक शोधून काढली. तोवर कोट्यवधी फोन आणि संगणक तिच्यासकट मजेत चालले होते.

बंदी मोडून केळी निसटली

हा खड्डा मात्र नीट थांबून बघा. एक पीकयादी करा: ज्वारी, ऊस, केळी, कांदा. हुकूम द्या की यादीत फिरत जा आणि बंदी असलेलं पीक दिसलं की तिथल्या तिथे काढून टाक. बंदी कुणाला? ऊस आणि केळी. चालवा. उरतं काय? ज्वारी, केळी, कांदा.

केळी सहीसलामत! झालं असं की लूप (यादीत फिरवणारा हुकूम) आपली जागा आकड्याने लक्षात ठेवतो. शून्यावर ज्वारी, ठीक. एकवर ऊस, काढला. ऊस गेल्याबरोबर केळी सरकून एकवर आली, कांदा दोनवर आला. लूपच्या हिशेबी एक नंबर बघून झाला, आता दोन. दोनवर कांदा. केळीकडे कुणी पाहिलंच नाही. एररही नाही, तक्रारही नाही.

जावामध्ये हाच उद्योग केलात तर ती भाषा पुढच्याच पावलाला बोंब ठोकते की यादीत फिरत असताना यादी कुणी बदलली. पण तिथेही एक चोरवाट आहे. काढलेलं पीक शेवटून दुसरं असेल, तर साध्या अ‍ॅरेलिस्टवरचा लूप गपचूप संपतो आणि शेवटचं पीक न तपासता सुटतं.

उपाय? फिरायला यादीची प्रत घ्या, नाहीतर बंदी वगळून नवी यादी बांधा. आपल्या वारसदाराला 'परवानगीची' नावाची मेथड द्या, जी बंदी असलेल्या पिकांना यील्डच करत नाही. मूळ यादीत ऊस-केळी राहोत बापडे, फेरीत येत नाहीत म्हणजे झालं.

शंभरातून आधी काय वजा करायचं?

हिवरे बाजारची खरी ख्याती आहे पाण्याच्या ताळेबंदासाठी. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाचे आकडे आणि विहिरींची पातळी पाहून पाणी किती आलं याचा अंदाज बांधतात आणि तो ग्रामसभेपुढे मांडतात. मग खर्चाची बाजू. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, घरच्या वापराचा. त्यानंतर जे उरेल त्यातलं ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के जमिनीच्या पोटात, पुढच्या वर्षाच्या भरवशाला. पाऊस कमी असेल तर गव्हाचं क्षेत्र आखडतं आणि कमी पाण्याची पिकं पुढे येतात.

समजा, हिशेबाच्या सोयीसाठी एकूण पाणी १०० एकक आहे आणि पिण्याला व घरगुती वापराला १० लागतात. आधी १० वजा, उरले ९०. त्यातले ६३ शेतीला, २७ जमिनीला. आता याच यादीत पिण्याला शेवटी ठेवून फिरा. ७० टक्के शेतीला, म्हणजे ७०. ३० टक्के जमिनीला, म्हणजे ३०. उरले शून्य. घागर कोरडी! आकडे तेच, टक्के तेच, यादीतल्या नोंदी त्याच. फरक फक्त कोणाच्या दारी आधी गेलो एवढाच.

म्हणून 'ताळेबंदयादी' नावाच्या वारसदाराला जी मेथड द्यायची, तिने उपलब्ध पाणी हातात घेऊन निघावं, हक्काच्या क्रमाने एकेक गरज गाठावी, तिचा वाटा वजा करावा, 'कोणाला किती आणि उरलं किती' हे यील्ड करावं, आणि पाणी संपलं की तिथेच थांबावं. पाणी संपल्यावरही यादीत नोंदी शिल्लक असतील, पण फेरी पुढे जाणार नाही. पुस्तकात शिकवतात तो लूप यादी संपेपर्यंत फिरतो. पाण्याचा लूप पाणी संपेपर्यंत फिरतो.

जाता जाता एक आकडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, एक टँकर. गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे आभाळातून उतरलेले ३ लाख ९० हजारांवर टँकर! अर्थात त्यातलं बरंच उडून जातं, बरंच वाहून जातं. चर आणि बांध त्याला अडवायलाच तर असतात.

हजार पावलांचं चक्र

आता थोडे जोखमीचे उद्योग. काही हौशी मंडळी 'जूनपासून' अशी वेगळी मेथड न लिहिता यादीची मूळ फेरीच बदलतात, म्हणजे 'इटर' नावाची आतली मेथड नव्याने लिहितात. साधा लूप लावला तरी तो जूनपासूनच सुरू व्हावा, ही इच्छा. पण त्या नव्या मेथडच्या आत ते पुन्हा स्वतःच्याच यादीवर लूप लावतात. तो लूप 'इटर'ला बोलावतो, ती पुन्हा लूप लावते, तो पुन्हा 'इटर'ला... हजाराच्या आसपास पायथॉन हात जोडतो. एवढ्याच खोलीपर्यंत जायची त्याला मूळ परवानगी असते. 'सुपर' म्हणून आईबापांच्या फेरीला बोलावलं की प्रश्न मिटतो.

मिटतो म्हणजे, एक मिटतो. समजा तुमची नवी 'इटर' कोरडे महिने वगळून फिरते. लूपमध्ये फेब्रुवारीचा शून्य दिसत नाही. पण 'शून्य आहे का यादीत?' असं 'इन' वापरून विचारलं तर उत्तर येतं, हो, आहे. 'लेन' वापरून लांबी विचारली तर पूर्ण बारा. कारण 'इन' आणि 'लेन' तुमच्या फेरीला विचारतच नाहीत. ते सीमध्ये लिहिलेल्या मूळ लिस्टच्या आत थेट डोकावतात.

आणखी एक. पाऊसयादीचा जून ते सप्टेंबर एवढा तुकडा कापून घेतलात, की हाती येते साधी लिस्ट. दोन पाऊसयाद्या जोडल्या तरी साधी लिस्ट. प्रत काढली तरी तेच. 'जूनपासून' मेथड त्या तुकड्याला ठाऊकच नसते आणि प्रोग्रॅम तिथे आपटतो. मघाची ती म्हातारी यूजरलिस्ट मात्र तुकडा कापला तरी आपलं कूळ सोडत नाही. माझं मत विचाराल तर: वेगळ्या नावाची नवी मेथड द्या आणि मूळ फेरीला हात लावू नका. मूळ फेरीच बदलायची असेल, तर मुकाट्याने यूजरलिस्ट घ्या.

शेजारच्या आळीतले किस्से

पायथॉनमध्ये मूळ लिस्टलाच नवी मेथड चिकटवायला गेलात तर तो सपशेल नकार देतो. रूबी भाषा म्हणते, या, घर आपलंच आहे. मूळ अ‍ॅरेचा क्लास उघडा आणि हवं ते घाला. शिवाय रूबीत एक भारी सवलत आहे. आपल्या क्लासला 'ईच' नावाची एकच फेरी शिकवा, 'इन्युमरेबल' हे मॉड्यूल जोडा, की शोधणं, गाळणं, बेरीज करणं, गट पाडणं अशा डझनावारी मेथडी पाठोपाठ दाखल होतात.

जावास्क्रिप्टमध्ये अशाच मोकळिकीचा पुढे तमाशा झाला. 'मूटूल्स' नावाच्या जुन्या लायब्ररीने आपल्या मर्जीने मूळ अ‍ॅरेला 'फ्लॅटन' ही मेथड जोडली होती. काही वर्षांनी भाषेच्या समितीला याच नावाची अधिकृत मेथड आणायची होती. चाचणीत कळलं, की ती आणली तर मूटूल्सवर उभ्या असलेल्या जुन्या वेबसाइट मोडतात. २०१८ मध्ये कुणीतरी गमतीने सुचवलं, नाव 'स्मूश' ठेवा! त्यावरून प्रोग्रॅमर मंडळींत असा काही गदारोळ उठला की बस. शेवटी 'फ्लॅट' या नावावर तडजोड झाली आणि २०१९ च्या मानकात ती आली. त्याआधी 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' झालं होतं तेही याच मूटूल्सपायी.

सी शार्पने २००७ मध्ये सभ्य वाट काढली: मेथड बाहेर लिहायची, पण वापरताना ती यादीचीच वाटावी. कोणाच्या घरात घुसायला नको.

आणि ही यील्डची कल्पना मुळात कोणाची? सत्तरच्या दशकात एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लू' नावाची भाषा घडवली. तिच्यात इटरेटर होते आणि यील्डही होता. क्लू वापरात फारशी राहिली नाही, तिच्या कल्पना मात्र सगळ्यांनी उचलल्या. लिस्कोव्ह यांना २००८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

काळे आधी की कासार?

मराठी माणसाने आपली फेरी लिहावी याचं सगळ्यात रोकडं कारण हे. आडनावांची यादी संगणकाला क्रमाने लावायला सांगा. तो काळे यांना कासार यांच्या आधी बसवतो. का? युनिकोडमध्ये 'ळ' ची जागा 'ल' च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' येतो 'ह' नंतर, पार शेवटाकडे. मराठी शब्दकोशाच्या शिस्तीने कासार आधी, काळे मागाहून. मतदारयादी असो, रेशनची असो की लग्नपत्रिकांची, 'मराठीक्रमाने' नावाची मेथड लिहून ठेवा. वर्णमाला एकदा हाताने टाइप करावी लागेल, मग जन्माचं काम झालं.

अक्षरांवर फेरी मारतानाही असाच चकवा. 'हिवरे बाजार' या नावावर लूप लावा. तुम्हाला-मला दिसतात सहा अक्षरं. पायथॉन मोजतो अकरा: 'हि' चे 'ह' आणि वेलांटी असे दोन, 'रे' चा 'र' वेगळा आणि मात्रा वेगळी, 'बा' आणि 'जा' चे काने वेगळे, आणि मधली मोकळी जागाही मोजलेली. हेच नाव उलटं फिरवलं तर काने-मात्रा आपल्या अक्षराला सोडून भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात.

अंकांच्या बाबतीत मात्र पायथॉन अनपेक्षितपणे आपल्या बाजूचा आहे. ग्रामपंचायतीच्या वहीतला '४१२.५' हा आकडा देवनागरीतच मजकूर म्हणून द्या आणि संख्येत बदलायला सांगा. एक अक्षर न बोलता तो बदलून देतो. कोडमध्ये थेट ४१२.५ लिहिलेलं मात्र त्याला खपत नाही. आणि यादीचं नाव 'पाऊस२' चालतं, '२पाऊस' चालत नाही.